कपावरचा पोप, पिंडीवरचे पाय

गाढवाचे डोके, अंगभर खवले, बाईचे पोट आणि स्तन, एक हात हत्तीच्या पायासारखा, एक पाय बैलाच्या खुराचा, दुसरा गरुडाच्या पंजाचा. मार्टिन लुथर आणि फिलिप मेलांख्थॉन यांनी १५२३ मध्ये काढलेल्या एका पत्रकात हे ‘पोप-गाढव’ होते. चित्राचा लाकडी ठसा लुकास क्रानाखच्या कारखान्यातला. असा प्राणी १४९६ मध्ये रोमच्या टायबर नदीकाठी मरून पडलेला सापडला, अशी वदंता होती. तिचा आधार घेऊन लुथरपक्षाने सांगितले की पोपशाहीचे खरे रूप ते हेच. आज पाचशे वर्षांनी असली चित्रे चिनीमातीच्या मगावर छापून मिळतात आणि त्यासाठी जर्मनी गाठावी लागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावातला फोटो स्टुडिओवालाही पांढऱ्या लेपाच्या मगाभोवती छापील कागद गुंडाळतो, तापलेल्या यंत्रात दाबून धरतो आणि थोड्याच मिनिटांत त्यावर नवरा-बायकोची जोडी नाहीतर भावी आमदाराचा चेहरा उमटतो. पोपही उमटेल. यंत्राला काय त्याचे.

अशा मगाविषयी दोन मते ठरलेली आहेत. एक म्हणते, धर्मावरची टिंगल चहाच्या भांड्यावर आणणे हा थिल्लरपणा आहे. भावना दुखावतात, पवित्र गोष्टींची किंमत जाते. दुसरे म्हणते, हे धाडस आहे. जो समाज देवाधर्मावरचे चित्र हातात धरून निवांत चहा पिऊ शकतो तो सुधारला. ही मते धरणारी माणसे एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण दोघांची नजर एकाच जागी खिळलेली असते. दोघेही फक्त चित्र पाहतात.

माझे म्हणणे वेगळे आहे. धार्मिक विडंबन जिवंत राहायला तीन गोष्टी लागतात. ज्याची टिंगल होते त्याच्या कानावर ती पडली पाहिजे. त्याला उलट बोलायला जागा पाहिजे. आणि सुरू झालेली गोष्ट शेवटाला गेली पाहिजे. मगाच्या गुळगुळीत पाठीवर या तिन्हींपैकी एकही मावत नाही. म्हणून ऐतिहासिक विडंबनाचा मग कुणाला जखम करत नाही आणि कुणाला शूरही करत नाही. ज्या मुलुखात हे काम सातशे वर्षे मातीची भांडी, कपबशी आणि कीर्तन यांच्या साहाय्याने चालले, तिथे त्या मगाला नवे स्वातंत्र्य समजणे म्हणजे घरातल्या आडाकडे पाठ करून बाटलीतले पाणी विकत घेणे आहे.

१. भांडे हलके म्हणून विनोद हलका ठरत नाही

थिल्लरपणाचा आरोप आधी निकालात काढू, कारण तो इतिहासाच्या अज्ञानातून येतो. युरोपात धर्मावरचे विडंबन भिंतीवरच्या तैलचित्रांपेक्षा स्वस्त कागदावर आणि रोजच्या भांड्यांवर जास्त पोसले. कोलोन आणि फ्रेखन इथल्या भट्ट्यांतून सोळाव्या-सतराव्या शतकात दाढीवाल्या चेहऱ्याचे दगडी मातीचे सुरईवजा जग बाहेर पडत. इंग्लंडमध्ये त्यांना ‘बेलार्माईन’ हे नाव चिकटले. रॉबर्ट बेलार्माईन (१५४२–१६२१) हा प्रोटेस्टंटांना वादात जेरीस आणणारा कॅथलिक कार्डिनल. दाढीवाला चेहरा त्याच्या कीर्तीच्या आधीपासून घडत होता, म्हणजे कुंभाराच्या मनात त्याची टिंगल नव्हती. ती पिणाऱ्यांनी केली. भांडे तेच राहिले आणि लोकांनी त्यात शत्रू बसवला. विडंबन चित्रकार करतो की वापरणारा, हा प्रश्न तिथेच उभा राहतो, आणि माझ्या मते त्याचे उत्तर वापरणाऱ्याच्या बाजूने जाते.

अठराव्या शतकातल्या इंग्लंडने पुढचे पाऊल टाकले. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलरने १७५६ मध्ये ताम्रपटावरचा छाप कागदावरून चिनीमातीवर उतरवण्याची रीत साधली आणि चित्राची भांडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. त्या काळातले एक आवडते चित्र म्हणजे ‘दशमांशाचे डुक्कर’. गावाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चच्या पाद्र्याला द्यावा लागे. धान्य, अंडी, डुकराची पिले, सगळ्यातला. चित्रात पाद्री दहावे पिलू न्यायला आला आहे आणि शेतकऱ्याची बायको त्याच्यापुढे आपले दहावे मूल धरते. पिलू हवे तर हेही घेऊन जा. या प्रसंगाच्या चिनीमातीच्या मूर्ती झाल्या, तो जगांवर छापला गेला, आणि ती भांडी दशमांश भरणाऱ्या घरांतून, पाद्री ज्या रस्त्याने जायचा त्याच रस्त्यावर नांदली. टिंगल ज्याची, तो हाकेच्या अंतरावर होता. माझी पहिली अट तिथे पुरी झाली होती.

हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाला जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ आठवायला हवे. १८५५ मधल्या त्या नाटकात कुणब्याची बायको गरोदर आहे, जोशी दारात येतो, ग्रहांची भीती घालतो आणि पोटातल्या जिवाच्या नावाने घर कर्जात बुडवतो. तिकडे दहावे पिलू, इकडे ब्राह्मणभोजन. बाळंतपणाच्या उंबऱ्यावर उभा राहून वसुली करणारा धर्म दोन्हीकडे सारखाच. फुल्यांनी ते नाटक पाठवले कुठे, तर दक्षिणा प्राइझ कमिटीकडे. विद्येच्या दक्षिणेचा वारसा सांगणारी ही कमिटी, आणि तिच्यावर शास्त्रीमंडळींचे वजन. ज्यांच्यावर बाण होता त्यांच्याच दारात जाऊन तो ठेवण्यासारखे हे. कमिटीने नाटक नाकारले आणि पुढे ते छापून येईपर्यंत शंभरावर वर्षे गेली.

२. आपल्याकडे कोरा कपही बोलत होता

युरोपातल्या भांड्यांवर चित्र काढावे लागले. आपल्याकडे त्याची गरज नव्हती, कारण इथे भांडे स्वतःच धर्मशास्त्रातले वाक्य होते. धातूचे भांडे विटाळले तर घासून, राखेने माखून, विस्तवावर धरून शुद्ध करता येते. मातीचे विटाळले तर टाकायचे किंवा पुन्हा भाजायचे. चिनीमातीचा कप या व्यवस्थेत धड इकडचा ना तिकडचा. त्यातून हाडांची पूड घातलेल्या भांड्यांची बातमी आलेली. म्हणून कित्येक सोवळ्या घरांत कपबशी स्वयंपाकघराच्या बाहेर राहिली. (लोणच्याची बरणी मात्र त्याच चिनीमातीची असून आत, फडताळात मानाने बसली. या विसंगतीवर कुण्या शास्त्र्याने निवाडा दिल्याचे माझ्या वाचनात नाही. लोणचे सुटत नाही, एवढेच खरे.)

हे कळले की १८९० मधले पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण आपल्याकडचे धार्मिक विडंबनाचे सर्वांत नेमके कलाकाम वाटू लागते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, हा विक्षिप्त आणि बेरकी माणूस. त्याने शहरातल्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला नेले. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कुणी प्याले, कुणी कप हातात घेऊन बाजूला ठेवला. हजर मंडळींत महादेव गोविंद रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते. मग जोशांनी नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. बोभाटा झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले. आपण काशीत प्रायश्चित्त घेतले असल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचेच बोल ऐकले.

या प्रकरणाला गंमत म्हणून सोडून देणाऱ्यांनी ते नीट पाहिलेले नाही. कपावर एक रेघही नव्हती. तरी त्या एका कपाने सुधारकांची सुधारणा किती खोल आहे ते मोजले, सनातन्यांचा धर्म घोटभर पाण्यात बुडतो की नाही तेही मोजले, आणि दोन्ही बाजूंना उत्तर द्यायला भाग पाडले. वर्ष-दोन वर्षे पुणे त्या उत्तरांत गुंतून राहिले. मगावरच्या पोपला हे जमणार नाही, कारण त्याच्या समोर बसलेल्याला काहीच पणाला लावावे लागत नाही.

आपल्याकडच्या कोऱ्या कपाची दुसरी कथा हसण्याजोगी नाही. कितीतरी गावांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी असे. ती वळचणीला किंवा बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेली. पिणाऱ्याने पिऊन, धुऊन पुन्हा तिथेच ठेवायची. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) अक्कलकोटच्या बाजूच्या गावातली अशी कपबशी आहे आणि तिच्याविरुद्ध पोरांनी केलेली तक्रारही आहे. त्या कपावर कोणताही देव छापलेला नव्हता, कुणाच्या भावना दुखवण्याचा हेतू कागदावर नव्हता. तरी धर्माच्या नावाने माणसाचा इतका उघड अपमान करणारे दुसरे भांडे दाखवता येणार नाही. मगावरच्या चित्रामुळे भावना दुखावल्या म्हणणाऱ्याला मी आधी हे विचारेन की कोनाड्यातल्या त्या कपाने तुमच्या भावना कधी दुखावल्या होत्या का.

३. टिंगल कुठे थांबवायची

आता दुसऱ्या अटीआधी तिसरी, गोष्ट शेवटाला जाण्याची. इथे आपला मुलूख इतका श्रीमंत आहे की निवड करणे जड जाते.

तेरचे गोरोबा कुंभार थापटणे हातात घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर एकेक थाप मारतात. मडके कच्चे की पक्के, कुंभाराला आवाजावरून कळते. बाकीचे गप्प मार खातात, नामदेव चिडतात आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरते. ज्याच्याशी पांडुरंग बोलतो तो कच्चा! वारकऱ्यांनी आपल्या सर्वांत लाडक्या संताची ही फजिती लपवली नाही, गायली. रुसलेले नामदेव पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात, तर म्हातारा महादेवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेला. नामदेव हबकतात. विसोबा म्हणतात, मला उठवत नाही बाबा, जिथे देव नसेल तिथे तूच माझे पाय उचलून ठेव. पाय जिथे ठेवावे तिथे पिंडी. नामदेवांना गुरू भेटतो.

आता हेच चित्र मगावर छापा: पिंडी आणि तिच्यावर म्हाताऱ्याचे पाय. मी पैजेवर सांगतो, दोन दिवसांत निवेदन तहसीलला आणि जमाव पोलीस ठाण्यापुढे. आणि त्याच आठवड्यात, त्याच गावातल्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार हीच कथा रंगवून सांगेल, पिंडीवरच्या पायांपाशी मुद्दाम थांबेल, बायाबापड्या हसतील, आणि शेवटी टाळ्यांच्या कडकडाटात माना डोलतील. श्रोते तेच, पिंडी तीच, पायही तेच.

फरक कशाचा? पवित्र-अपवित्राचा असता तर सप्ताहातही दंगा झाला असता. फरक थांब्याचा आहे. कीर्तनात पाय पिंडीवर येतात तो कथेचा पहिला धक्का असतो. त्यातून श्रोता चालत चालत ‘देव कुठे नाही’ इथवर पोहोचतो. मगावर कथा पहिल्या धक्क्यालाच गोठते. संतापणारा तेवढेच पाहून संतापतो, मिरवणारा तेवढेच पाहून मिरवतो. दोघांनाही विसोबांचे वाक्य ऐकूच येत नाही. या भागात आणखी एक परंपरा जवळची आहे. बिदर जिल्ह्यातल्या कल्याणहून बाराव्या शतकात निघालेला आणि नांदेड-लातूरच्या लिंगायत घरांत आजही नांदणारा बसवण्णांचा विचार. दगडाच्या नागाला दूध आणि जिवंत नागाला काठी, हा माणसाचा दुटप्पीपणा त्यांनी दाखवला तेव्हा त्यांनाही पुढचा मुक्काम गाठायचा होता: भुकेला जंगम दारात आला तर तुम्ही काय करता? तो प्रश्न काढून टाकला की नाग आणि दुधाची वाटी एवढीच नक्षी उरते.

४. उलट उत्तराची जागा

लुथरच्या निधनाच्या वेळी, १५४६ मध्ये, पैठणचे एकनाथ तेरा वर्षांचे होते. म्हणजे जर्मनीत पोपच्या फर्मानापुढे पाठ उघडी करून वायू सोडणाऱ्या शेतकऱ्यांची चित्रे निघाली तो काळ आणि ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला गेला तो काळ फार दूर नाहीत. दोन्ही धर्मावरची तिखट टिंगल. पण रचना पाहा. क्रानाखच्या चित्रात पोप बोलू शकत नाही. त्याला फक्त दिसायचे असते. एकनाथांच्या भारुडात तुर्क आधी झोडपतो. दगडाला देव म्हणता, तुमच्या पुराणांत देवांच्या लफड्यांच्या कथा, तुमचा देव कैदेत पडतो. एका ब्राह्मण कवीने आपल्या देवांवरची ही सरबत्ती स्वतः लिहिली, तीही दखनी वळणाच्या बोलीत, आणि पातळ केली नाही. मग हिंदू उलटतो: देव सगळीकडे म्हणता, तर पश्चिमेलाच तोंड का? दोघे एकमेकांना मूर्ख ठरवतात, वाद पेटतो, आणि अखेर त्यांना कळते की एकच गोष्ट दोन बाजूंनी चालली होती. शेवट भेटीगाठीत होतो.

कुणी म्हणेल, हा गोडीगुलाबीचा शेवट. मला तो गोड वाटत नाही. गळाभेटीच्या आधी दोघांनीही आपल्या धर्माविषयीची सर्वांत झोंबणारी गोष्ट समोरच्याच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतली आहे. आजच्या कुठल्या शांतता समितीच्या बैठकीत एवढे घडते? तिथे चहा येतो, सगळे सगळ्यांच्या धर्माला थोर म्हणतात आणि घरी जातात.

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) उत्तराची जागा आणखी रुंद केली. कीर्तनात ते विधान करत नसत, प्रश्न टाकत. नैवेद्याच्या ताटाला कुत्रे लागले तर हाकलतो कोण, देव की माणूस? उत्तर गर्दीच देई. म्हणजे टिंगलीचे शेवटचे वाक्य ज्यांची टिंगल चालली आहे त्यांच्याच तोंडून येई, आणि आपणच बोललो म्हटल्यावर रागवायचे कुणावर? त्यांचे ते मातीचे गाडगे डोक्यावर असे, जेवायला तेच, पाण्याला तेच. ज्या समाजाने मातीच्या भांड्याला सर्वांत लवकर बाटणारे ठरवले, त्यात त्यांनी तेच शिरावर घेतले. नक्षी नव्हती त्यावर. कान मात्र फुटलेला होता.

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: ही सगळी उदाहरणे घरातली. विसोबा, गोरोबा, गाडगेबाबा आपल्याच माणसांना बोलले. परक्या धर्माची टिंगल केली तर? आक्षेप रास्त आहे. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ या पुस्तिकेच्या खटल्यानंतर १९२७ मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम २९५-अ आले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये ते वैध ठरवले तेव्हा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेल्या अपमानावर बोट ठेवले होते. हेतू ओळखायचा कसा, यावर वकील आयुष्य काढतील. माझी कसोटी साधी आहे: टिंगल करणाऱ्याने समोरच्याच्या तोंडी स्वतःविरुद्धचे सर्वांत धारदार वाक्य घातले आहे का? एकनाथांनी घातले. ज्याला ते जमत नाही त्याने परक्याच्या देवाला हात लावू नये. कायद्याच्या भीतीने नव्हे. त्याचे विडंबन कच्चे राहते म्हणून. आणि त्या धारदार वाक्यासाठी समोरच्याचा ग्रंथ वाचावा लागतो. नांदेडचे नरहर कुरुंदकर मनुस्मृतीवर तुटून पडले ते ती वाचून. विरोधकांना त्यांच्यापुढे घाम फुटे तो त्यामुळेच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. उत्तराची जागा, शेवटची भेट, ही सभ्यता दुबळ्यांकडून मागणे म्हणजे त्यांचे हत्यार बोथट करणे. फुल्यांनी कुणाला मिठी मारली? खरे आहे, मारली नाही. ‘तृतीय रत्न’ संपते तेव्हा जोशी आणि कुणबी गळ्यात पडत नाहीत. पण मी मिठी मागितलेली नाही. मी शेवट मागितला आहे, आणि फुल्यांचा शेवट आहे: कुणबी नवरा-बायको शिकायला निघतात. उत्तराच्या जागेचे म्हणाल तर दक्षिणा कमिटीला ती होती. तिने मौन निवडले, हा फुल्यांचा दोष नव्हे. कोनाड्यातला कप ज्याच्या वाट्याला आला त्याने सभ्य विनोद करावा असे मी म्हणत नाही. त्याच्या विनोदाला मगावरच्या नक्षीचे नशीब येऊ नये, एवढे म्हणतो.

तिसरा आक्षेप फारसा वेळ घेणारा नाही: जुनी चित्रे फक्त संग्रहालयात राहावीत काय? नाहीत. खुशाल छापा, विका, त्यातून चहा प्या. लुथरपंथीय आणि कॅथलिक आता एका टेबलाशी बसून संयुक्त जाहीरनामे काढतात. पोप-गाढवाला चावायला दात उरलेले नाहीत, म्हणूनच ते इतके गोजिरे दिसते. दात पडलेल्या वाघाशेजारी फोटो काढायला हरकत नाही. फोटोखाली ‘शिकार’ लिहू नये.

६. बिलोलीत काय करता येईल

बिलोलीत मोगल काळातली सरफराज खानांच्या नावाची दगडी मशीद आहे, सप्ताह आहेत, लिंगायतांची घरे आहेत, मांजरेपलीकडे तेलंगण आहे. मराठी, उर्दू आणि तेलुगू एकाच आठवडी बाजारात कानावर पडतात. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिल्याने इथल्या हिंदू म्हाताऱ्यांनाही उर्दू वाचता येई, आणि मुसलमान शेतकऱ्याची मराठी शहरातल्या प्राध्यापकापेक्षा रसरशीत असते. ‘हिंदू-तुर्क संवाद’ ज्या मिसळलेल्या बोलीत रचला आहे ती समजायला इथे तळटीप लागत नाही. तरी हे भारुड तालुक्यातल्या कुठल्या गॅदरिंगमध्ये झाल्याचे ऐकिवात नाही. देशभक्तीपर नृत्ये होतात, शिवाजी महाराजांचा देखावा होतो. एकनाथ प्रश्नपत्रिकेत चार गुणांना येतात.

ते करावे. मराठी शाळेने आणि उर्दू शाळेने मिळून, एकाच मंडपात, एक ओळही न गाळता. तुर्काची बाजू हिंदू पोराने म्हणावी आणि हिंदूची मुसलमान पोराने, म्हणजे आपल्याच देवाविरुद्धची वाक्ये प्रत्येकाला पाठ करावी लागतील, घरी आईसमोर घोकावी लागतील, आणि चुकली तर मास्तर ती सुधारून देतील. पालक सभेत पहिला विरोध होईल तो याच पाठांतराला. मुख्याध्यापक म्हणतील, शेवटची मिठी तेवढी ठेवू, मधले काढू. तिथे अडून बसायला लागेल, कारण मधले काढले की उरते ते मगावर छापण्याजोगे.